कीश आणि हजेरीपट

'कीश' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपला बटाट्याचा कीसच आठवला. मुलीकडे मेसला गेलो होतो तेव्हाची ही गोष्ट. ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातले हे शहर. लिहितात 'मेत्झ', म्हणतात 'मेस'. ऑक्टोबर संपत आला होता, झाडे पिवळी पडली होती. खालच्या मजल्यावर नव्वदी ओलांडलेल्या एक आजीबाई राहतात. त्या म्हणाल्या, रविवारी एकत्र जेवू, कीश मी शिकवते.

मी अंडे खातो, मांस नाही. अस्सल 'कीश लोरेन'मध्ये अंडी, क्रीम आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात. चीज मुळात नाहीच, हे आजीबाईंनी बोट उगारून सांगितले. माझ्यासाठी त्यांनी मांसाऐवजी लीक घेतले. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीणच. "पण हिला लोरेन म्हणायचं नाही हं, नुसतं कीश म्हणा," असे त्यांचे म्हणणे मुलीने मराठीत सांगितले.

कृती सोपी आहे. 250 ग्रॅम मैद्यात 125 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळायचे, चिमूटभर मीठ आणि लागेल तेवढेच पाणी घालून गोळा करायचा. तो अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, मग लाटून पसरट, काठाच्या भांड्यात बसवायचा, काट्याने टोचून दहा मिनिटे भाजायचा. लीक लोण्यावर पाणी आटेपर्यंत परतून त्यावर पसरायचे. तीन अंडी, 200 मिलिलिटर क्रीम, मीठ, मिरपूड, थोडे जायफळ फेटून वर ओतायचे. 180 अंशांवर 35-40 मिनिटे. झाले!

कीश भाजली जात होती तेव्हा मी विचारले, या नावाचा अर्थ काय? मुलगी म्हणाली, "बाबा, शब्द जर्मन आहे. 'कूखन' म्हणजे केक, त्यावरून." फ्रान्सचा म्हणून जगभर मिरवणारा पदार्थ, आणि नाव शेजाऱ्याचे!

मी इतिहासाचा मास्तर. फ्रँकफर्टचा तह, 1871 : दोन गुणांचा प्रश्न. फ्रान्स हरला, आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीला गेला. मेस गेले, नान्सी फ्रान्सकडे राहिले. 1918 साली मेस परत फ्रान्सकडे आले, 1940 साली हिटलरने घेतले, 1944 च्या नोव्हेंबरात सुटले. म्हणजे 1870 साली इथे जन्मलेला माणूस पंच्याहत्तरीपर्यंत जगला असेल, तर घर न सोडता त्याचा देश चार वेळा बदलला. वर्षानुवर्षे शिकवले, पण हा हिशेब मी वर्गात कधी मांडला नाही.

आजीबाई 1940 साली सात वर्षांच्या होत्या. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा फ्रेंच बोलायला बंदी झाली होती. नव्या मास्तरांनी हजेरी घेतली आणि त्यांच्या नावाच्या जागी एक जर्मन नाव पुकारले. त्या गप्प बसल्या. मास्तरांनी गैरहजेरी मांडली. "मी तर समोरच बसले होते," आजीबाई म्हणाल्या.

माझा घास हातात तसाच राहिला. नोकरीच्या सुरुवातीला पहिलीत दाखल करताना एका मुलाच्या बापाने सांगितलेले नाव मला गावंढळ वाटले होते. मी परस्पर दुसरे, 'चांगले' लिहिले. जन्मतारीख नव्हती, ती नेहमीप्रमाणे 1 जून. पुढे कित्येक दिवस हजेरीला तो मुलगा 'हजर' म्हणत नसे. मला वाटायचे, पोर मंद आहे.

माझ्यामागे कुठले सैन्य नव्हते, हुकूमही नव्हता. नुसता टाक आणि दौत होती, आणि आपण भलेच करतो आहोत ही खात्री. तो मुलगा आता साठीला आला असेल. दाखल्यावर, पेन्शनच्या कागदावर मी लिहिलेलेच नाव असणार.

आजीबाईंनी दुसरा तुकडा वाढला. सरहद्द इतक्यांदा सरकली, पण या पदार्थाचे नाव कुणी बदलले नाही. माणसांच्या नावांना मात्र तेवढे भाग्य नव्हते.

असो. कीश गरमच खावी असे नाही, कोमटही छान लागते.