इगतपुरीला इंजिन का बदलायचे?

धामणगाव रेल्वेहून मुंबईला गेलेल्या आपल्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल, पूर्वी इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबायची आणि इंजिन बदलायचे. आम्हांला वाटे, पुढे घाट आहे म्हणून. घाटासाठी जादा इंजिन लागायचेच. पण बदलण्याचे कारण डोक्यावरच्या तारेत होते. आपल्याकडून इगतपुरीपर्यंत तारेत २५,००० व्होल्ट, पुढे मुंबईकडे १,५०० व्होल्ट. हा फरक समजला, तेव्हा आमच्या गटाची वायर का जळत होती तेही समजले.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. जर्मनीत गेओर्ग ओम नावाचे शाळामास्तर होते. वडील कुलुपे बनवायचे. १८२७ साली त्यांनी पुस्तकात मांडले की दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा अडथळा, म्हणजे रोध कळतो. तिथल्या विद्वानांनी आधी फारशी दाद दिली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी मोजून दाखवले की त्याच तारेतून प्रवाह दुप्पट गेला, तर उष्णता चौपट होते.

आता आमच्या गटाची गोष्ट. आमची विजेची शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेते. २३० गुणिले ५, म्हणजे १,१५० वॉट. तासभर चालली की १.१५ युनिट. २३० भागिले ५, म्हणजे शेगडीचा रोध ४६ ओहम. एकदा घाईच्या दिवसांत आम्ही मागच्या खोलीत लांब, बारीक वायर ओढली आणि तिच्यावर दोन शेगड्या लावल्या. थोड्या वेळात जळका वास आला. वायर मऊ पडली होती, आणि शेजारी पिठाची पोती! मेन स्विच बंद केला म्हणून निभावले. दोष आम्ही शेगडीला दिला.

हिशेब मात्र वेगळा निघाला. वायरचा रोध १ ओहम धरू. एका शेगडीला ५ गुणिले ५, म्हणजे २५ वॉट वायरीतच जातात. दोन शेगड्यांना १० गुणिले १०, म्हणजे १०० वॉट. वायर तीच, ताप चौपट.

रेल्वेपुढेही हाच प्रश्न होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टवर. समजा गाडीला १५ लाख वॉट हवेत. १,५०० व्होल्टवर त्यासाठी १,००० अँपिअर लागतील. २५,००० व्होल्टवर ढोबळ हिशेबाने फक्त ६०. प्रवाह कमी, म्हणून तारही बारीक चालते आणि वाटेत वाया जाणारी वीजही थोडी. १९५७ मध्ये रेल्वेने २५,००० व्होल्टची पद्धत स्वीकारली. पुढे मुंबईकडची तारही टप्प्याटप्प्याने तशीच झाली.

घरात आपल्याला व्होल्ट वाढवता येत नाहीत, वाढवूही नयेत. आपल्या हाती आहे ती योग्य जाडीची, आखूड वायर आणि एका वायरीवर मोजकाच भार. मोटारीचा हिशेब थोडा वेगळा असतो, म्हणून तिच्या पाटीवरचे अँपिअरच धरावेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या यंत्राच्या पाटीवरचे आकडे लिहून आणा. बेरीज करू, आणि तो कागद वायरमनच्या हाती देऊनच नवी वायर ओढू.