टायमिंग बेल्ट : बदलण्याच्या निर्णयाचा इतिहास

टायमिंग बेल्ट म्हणजे मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंडाची (क्रँकशाफ्टची) गती कॅमदंडास पोहोचविणारा, आतील बाजूस दाते असलेला रबरी पट्टा होय. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एक फेरी होते व तीनुसार झडपा उघडतात आणि मिटतात. भुजादंड मिनिटास ३,००० फेरे घेत असता प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळा उघडते. पट्टा तुटल्यास हा मेळ नाहीसा होऊन एंजिन तत्काळ बंद पडते. ज्या एंजिनांत उघडी झडप दट्ट्याच्या मार्गात येते, त्यांत झडपा वाकतात व दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या किमतीच्या अनेक पट होतो. तुटण्यापूर्वी पट्टा बहुधा सूचना देत नाही. म्हणून तो केव्हा बदलावा, हा प्रश्न पट्ट्याइतकाच जुना आहे.

दातेरी पट्टा प्रथम १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्राच्या भागांची गती जुळविण्यासाठी वापरात आला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारगाडीत तो जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत १९६२ मध्ये आला. १९६६ मध्ये अमेरिकेतील पाँटिॲक व इटलीतील फियाट या कंपन्यांनीही त्याचा स्वीकार केला. तो हलका, स्वस्त व आवाज न करणारा असून त्यास वंगणाची गरज नव्हती. मात्र त्याचे आयुष्य साखळीपेक्षा कमी होते.

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ साखळीचेच राज्य होते. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी) यांच्या एंजिनांत साखळी होती, तर राज्य परिवहनाच्या बसगाड्यांच्या मोठ्या डिझेल एंजिनांत दंतचक्रे होती. साखळी सैल झाली, की खडखड ऐकू येई. कारागीर कानाने निदान करी व मालकास दुरुस्तीसाठी अवधी मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० व १९८४ मध्ये त्याच जातीचे एंजिन असलेली मारुती व्हॅन रस्त्यावर आली. या तीन सिलिंडरांच्या, ७९६ घ. सेंमी. एंजिनात पट्टा होता. टाटा कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या इंडिका गाडीच्या डिझेल एंजिनातही पट्टाच होता. त्यामुळे कानाची जागा आकड्याने घेतली : निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले अंतर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. हे अंतर एंजिनागणिक वेगळे असले, तरी सामान्यतः ६०,००० ते १,००,००० किमी. च्या दरम्यान असते.

रत्नागिरी जिल्ह्यात या आकड्याची मर्यादा स्पष्ट होते. सह्याद्री ओलांडून कोल्हापूरकडे जाणारी वाहने आंबा घाटाने, तर चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारी कुंभार्ली घाटाने जातात. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीचे एंजिन सपाटीवरील वरच्या गिअरच्या तुलनेत दर किलोमीटरला साधारणतः दुप्पट फेरे घेते. अंतरमापक मात्र एकच किलोमीटर नोंदवितो. गणेशोत्सवात मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावर तासन्‌तास खोळंबतात, तेव्हाही एंजिन चालू व अंतर स्थिर असते. एंजिनातील उष्णतेने रबर कठीण होते, तर झिरपणाऱ्या तेलाने ते मऊ पडते. २००५ व २०२१ च्या जुलै महिन्यांत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर जलमय झाले. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आवरणात चिखल व वाळू शिरण्याचा संभव असल्याने, उरलेल्या किलोमीटरांचा हिशेब न करता पट्टा तपासून बदलणे श्रेयस्कर ठरते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. घाट उतरताना एंजिन बंद पडल्यास सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य काही दाबांनंतर संपते. ब्रेक निकामी होत नाहीत, परंतु पायाने फार अधिक जोर द्यावा लागतो. वळणावर हे भान येण्यास वेळ नसतो.

पूर्वीच्या पट्ट्यांवरील भेगा पाहून त्यांच्या वयाचा अंदाज येत असे. पुढे आलेल्या अधिक टिकाऊ कृत्रिम रबरावर अशा भेगा उशिरा दिसतात. त्यामुळे पट्टा वरून चांगला दिसतो, हे तो राखण्याचे पुरेसे कारण नव्हे. जुनी गाडी विकत घेताना मागील बदलाची लेखी नोंद नसेल, तर पट्टा बदललेला नाही असेच गृहीत धरावे. ताणकप्पी आणि, पट्ट्यावरच चालत असल्यास, पाण्याचा पंप त्याच वेळी बदलणे हिताचे असते; कारण पट्टा काढण्याची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही व जुन्या कप्पीचा धारवा अडकून नवा पट्टा तुटण्याचा धोका टळतो.

मारुतीने २००८ पासून आणलेल्या के-मालिकेतील पेट्रोल एंजिनांत पुन्हा साखळी आली, मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि विजेवरील गाड्यांत झडपाच नसल्याने दोन्ही साधने अनावश्यक झाली. तथापि पट्ट्याची अनेक वाहने अद्याप रस्त्यावर आहेत. त्यांच्या बाबतीत पुस्तिकेतील आकडा ही शेवटची सीमा समजावी. घाट, खोळंबा व पूर यांचा हिशेब करून तिच्या अलीकडेच निर्णय घेणे, हेच साठ वर्षांच्या अनुभवाचे सार होय.