शुद्ध आणि पथ्य

जयपूरच्या सिविल लाइंस भागात राज्यपालांचे निवासस्थान आहे, मुख्यमंत्र्यांचा बंगला आहे, आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेली अधिकाऱ्यांची निवासस्थानेही आहेत. २०२० सालच्या ऑक्टोबरात राजस्थान सरकारने भेसळीविरुद्ध मोहीम उघडली, तिचे नाव होते ‘शुद्ध के लिए युद्ध’. पुढे निवडणूक झाली, सरकार पालटले, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारची मोहीम निघाली ती ‘शुद्ध आहार, मिलावट पर वार’ या नावाने. पक्ष बदलला तरी शुद्ध हा शब्द काही ढळला नाही. येथल्या मिठाईवाल्यांच्या पाट्यांवरही तोच शब्द सर्वांत ठळक अक्षरांत रंगविलेला असतो.

या शब्दाचा इतिहास पाहण्याची इच्छा आम्हांस झाली ती एका साध्या कारणाने. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून इकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही ना काही जडलेले आहे. अशा घरांत अन्नाची चर्चा अखंड चाललेली असते. मोहरीचे तेल निर्भेळ मिळत नाही म्हणून कोणी गावाहून शेंगदाण्याच्या गोडेतेलाचा डबा आणवितो, कोणी तूप घरीच कढवितो, कोणी मध थेट मधपाळाकडून घेतो. ही सारी खटपट ‘यात काही मिसळलेले तर नाही ना?’ या एका प्रश्नाभोवती फिरते. ‘हे निर्भेळ असले तरी मला चालेल का, आणि किती?’ हा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमची समजूत अशी झाली आहे की, पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याला मागे ढकलण्याची ही सवय केवळ घरातली नव्हे. आपल्या कायद्यालाही ती फार दिवस जडलेली होती.

भेसळीची भीती निराधार आहे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. जयपूर आणि मराठे यांच्या संबंधांतही अन्नाची एक काळी आठवण आहे. सवाई माधोसिंगाने जयाप्पा शिंद्यांकडे विषमिश्रित अन्न पाठविल्याची वार्ता त्या काळच्या वृत्तांतांत येते, आणि त्यामागोमाग १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहावयास आत शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली, हे तर इतिहासप्रसिद्धच आहे. पण ते शत्रूच्या हातचे अन्न होते. वाण्याकडून रोख पैसे मोजून घेतलेल्या अन्नाची भीती ही निराळी चीज आहे, आणि ती मुख्यतः शहरांबरोबर वाढली. गाय कोणाची, घाणा कोणाचा, हे ठाऊक असण्याचे दिवस संपले तेव्हा तिने घरात प्रवेश केला.

इंग्रजी अमदानीत या विषयावरचे पहिले अखिल भारतीय कलम आले ते १८६० च्या दंडसंहितेत. खाद्यपेय पदार्थात अशी भेसळ करणे की त्यामुळे तो पदार्थ अपायकारक होईल, हा गुन्हा ठरला आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली गेली. येथे कसोटी अपायाची होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुधात स्वच्छ पाणी घातले तर गिऱ्हाईक फसते, पण अपाय होतोच असे नाही. त्यामुळे गवळी या कलमाच्या जाळ्यातून सहज निसटत असे. १९२० नंतरच्या दशकात अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे डुकराची चरबी मिसळलेल्या तुपाचे प्रकरण आले. लोकांच्या धर्मभावनेला आणि सामाजिक भावनेला हे कृत्य कितीही दुखविणारे असले, तरी ते तूप आरोग्याला अपायकारक ठरत नाही, सबब हे कलम लागू होत नाही, असा निर्णय झाला. निकाल कायद्याला धरून होता, पण ज्यांच्या ताटात ते तूप पडले त्यांचे समाधान त्याने कसे व्हावे?

तुपाच्या प्रश्नावर लोक किती खवळतात याचा अनुभव कलकत्त्याने त्याआधीच घेतला होता. तेथे १८८६ साली तुपातील चरबीवरून गदारोळ उठला आणि कायद्यात सुधारणा करावी लागली. १९१७ च्या ऑगस्टात त्याहून मोठे प्रकरण झाले. बाजारातल्या तुपात जनावरांची चरबी असल्याचे उघड होताच हजारो ब्राह्मण हुगळीच्या काठी प्रायश्चित्तासाठी जमले. मारवाडी पंचायतीने आपल्यांतल्याच दोषी व्यापाऱ्यांना जबर दंड केले व काहींना जातीबाहेर टाकले. बंगाल सरकारने त्याच वर्षी घाईने कायदा दुरुस्त केला आणि १९१९ साली अन्नभेसळीचा स्वतंत्र कायदा केला. कलकत्त्याच्या त्या मारवाडी समाजातील कितीतरी घराणी मूळची शेखावाटीची, म्हणजे जयपूर संस्थानाच्या मुलुखातली होती. तेव्हा जयपूरकरांच्या तुपाच्या कडवेपणाची मुळे कलकत्त्याच्या त्या घाटापर्यंत पोहोचतात असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. या प्रकरणात कोणी आजारी पडले म्हणून लोक रस्त्यावर आले नव्हते. त्यांना दुखविले होते ते विटाळाने.

मग कायद्याने आपली कसोटी बदलली. इंग्लंडात १८७५ च्या कायद्याने असे तत्त्व ठरविले होते की, गिऱ्हाईकाने जो पदार्थ मागितला त्याच जातीचा, त्याच द्रव्याचा आणि त्याच प्रतीचा तो असला पाहिजे. आपल्याकडील प्रांतिक कायद्यांनी हेच तत्त्व उचलले. मुंबई इलाख्याचा कायदा १९२५ चा. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली सर्व देशासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून तो अमलात आला. पदार्थागणिक मानके ठरली: तुपाचे आकडे, दुधातील स्निग्धांश, मधातील शर्करा. आता अपाय सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पदार्थ मानकात बसला नाही की खटला. गोरगरिबांची फसवणूक थांबविण्यासाठी हे आवश्यकच होते. (मानकांचीही आपली गंमत असते. सरकीवर पोसलेल्या गुरांचे अस्सल तूप साधारण मानकात बसेना, तेव्हा त्या मुलखांसाठी वेगळे आकडे ठरवावे लागले.) मात्र ‘हे काय आहे’ याची तपासणी जसजशी कडक झाली, तसतसा ‘हे काय करते’ हा प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावरून उतरत गेला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वनस्पती तुपाचे आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखे घट्ट करण्याची विद्या परदेशातून आली. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डालडाचा पिवळा डबा १९३७ पासून आपल्या स्वयंपाकघरांत शिरला आणि इतका रुळला की डालडा हे पदार्थाचेच नाव होऊन बसले. त्याविरुद्ध ओरड फार झाली. गांधीजींनी वनस्पतीवर टीका केली. १९५० च्या सुमारास तिच्यावर बंदी घालण्याचे विधेयक संसदेपुढे आले. बंदी नको तर निदान रंग तरी द्या, म्हणजे तुपात मिसळता येणार नाही, अशी मागणी झाली. रतनजोतीचेही नाव निघाले. पण तापविले तरी टिकेल, धुऊन काढता येणार नाही आणि पोटाला बाधणार नाही असा रंग काही सापडला नाही. अखेर मधला मार्ग निघाला तो असा: वनस्पतीत शेकडा ५ या प्रमाणात तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असे कारखानदारांवर बंधन आले. तिळाच्या तेलाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल लावले की गुलाबी-तांबडा रंग चढतो. तुपाचा नमुना तांबडा झाला की त्यात वनस्पती मिसळली आहे असे समजावे.

युक्ती चतुर होती यात शंका नाही. पण ती कोणाच्या रक्षणासाठी होती, हे पाहावे. तिने तुपाची अब्रू राखली. डालडा हाच डालडा म्हणून विकत घेऊन रोज खाणाऱ्या लक्षावधी कुटुंबांशी या तिळाच्या तेलाला काही कर्तव्य नव्हते. वनस्पती अपायकारक आहे काय, याची चौकशी झालीच नाही असे नव्हे. सरकारने नेमलेल्या संशोधन समितीने उंदरांवर आणि माणसांवर प्रयोग करवून, कच्च्या शेंगदाणा तेलाच्या तुलनेत वनस्पतीचा विशेष अपाय आढळत नाही, असा निर्वाळा दिला. तुपात असते ते अ जीवनसत्त्व वनस्पतीत नाही, हा आक्षेप १९५३ साली ते जीवनसत्त्व घालणे सक्तीचे करून मिटविण्यात आला. तेव्हाच्या कसोट्या वाढीच्या आणि पोषणाच्या होत्या. वीस-तीस वर्षे खाऊन रक्तवाहिन्यांचे काय होते, हे उंदराच्या अल्प आयुष्यात कसे दिसावे?

ते दिसू लागले फार पुढे. १९९० साली नेदरलंड्समधील मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवून दिले की, तेल अर्धवट घट्ट करताना निर्माण होणारी ट्रान्स स्निग्धाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात. पुढल्या काही वर्षांत हृद्रोगाशी त्यांचा संबंध पक्का होत गेला. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांवर मर्यादा घातली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि २०११ साली वनस्पतीतील ट्रान्स स्निग्धाम्लांना शेकडा १० ची पहिली मर्यादा आली. ती पुढे ५ वर, १ जानेवारी २०२१ पासून ३ वर आणि १ जानेवारी २०२२ पासून २ वर आणण्यात आली. डालडाच्या आगमनापासून या पहिल्या मर्यादेपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे गेली. त्या अवधीत कायद्याच्या दृष्टीने ती वनस्पती, तिळाच्या तेलासकट, संपूर्ण शुद्ध होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर तो एकतर्फी न्याय होईल. मोहरीच्या शेतात पिवळा धोत्रा उगवतो. राजस्थानात त्याला सत्यानाशी म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. त्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्याचे तेल मोहरीच्या तेलात उतरले तर पायांना सूज येते, दम लागतो, हृदय थकते, डोळ्यांत काचबिंदू होतो. कलकत्त्यात १८७७ साली या सुजेची साथ प्रथम वर्णिली गेली. या बियांवरचा संशय १९२६ साली सरकार नावाच्या बंगाली वैद्यकतज्ज्ञाने मांडला. १९९८ च्या ऑगस्टात दिल्लीत हीच साथ पुन्हा आली. साठांहून अधिक माणसे दगावली, सुमारे तीन हजार आजारी पडली, आणि दिल्लीसह काही राज्यांत सुटे मोहरीचे तेल विकण्यास बंदी झाली. देशात सर्वांत अधिक मोहरी पिकविणाऱ्या प्रांतात राहणाऱ्यांनी सीलबंद तेलाचा आग्रह धरावा, यात अतिरेक काहीच नाही. ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे त्याने तर धरावाच.

तथापि, सीलबंद बाटली हे पथ्य नव्हे. येथे आम्हांस जुन्या शास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. शरीराच्या मार्गापासून जे ढळत नाही आणि मनालाही जे प्रिय वाटते ते पथ्य, असे चरकाने सांगितले आहे. पुढे तो लगेच बजावतो की, हे पथ्य आणि हे अपथ्य असे कायमचे ठरविता येत नाही. मात्रा, काळ, संस्कार, भूमी, देह आणि दोष यांप्रमाणे ते पालटते. शुद्धता हा पदार्थाचा गुण झाला. पथ्य हे त्या पदार्थाचे अमक्या माणसाशी असलेले नाते होय. प्रमेहाच्या रोग्यास चरकाने जवावर भर द्यावयास सांगितले आहे, आणि आजचे आहारतज्ज्ञही कोंड्यासकट धान्याची शिफारस करताना त्यापासून फार दूर जात नाहीत. मधाविषयी मात्र आजचे मोजमाप वेगळे सांगते. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका पर्यावरण-संस्थेने नामांकित कंपन्यांच्या मधात साखरेचा पाक सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा घरोघर खळबळ उडाली. मधुमेही मंडळी शुद्ध मधाचा पत्ता शोधू लागली. पण अगदी डोंगरकपारीतल्या शुद्ध मधातही शर्करा शेकडा ८० च्या आसपास असते. गुळाचीही तीच कथा. रसायनावाचून केलेला काळा गूळ रक्तात पोहोचला की तो साखरेहून फारसा निराळा वागत नाही.

मिठाचे प्रकरण याहून नाजूक आहे. रक्तदाबाच्या रोग्यांसाठी सोडियम कमी केलेले मीठ बाजारात मिळते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते उपकारक ठरू शकते. ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत, त्याच्या रक्तात मात्र पोटॅशियम साचून हृदयाची गती बिघडण्याचा धोका असतो. एकाच घरात नवरा रक्तदाबाचा आणि बायको मूत्रपिंडाची रोगी असली, तर एकच शुद्ध, सीलबंद, मानकात बसलेली पुडी एकाला औषध आणि दुसऱ्याला विष होऊ शकते. अशा घरात डॉक्टरांना विचारल्यावाचून ही पुडी फोडू नये, एवढे आम्ही निक्षून सांगू.

मराठी डॉक्टरांनी या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचे काम पूर्वीच सुरू केले होते. मुंबईत डॉ. आजगावकरांच्या पुढाकाराने १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. भेसळीचा कायदा अमलात आला तेही हेच वर्ष. मधुमेहात रोग्याला स्वतःचे ताट स्वतः मोजता आले पाहिजे, ही दृष्टी अशा संस्थांनी रुजविली. कायद्याला इन्स्पेक्टर होते, नमुने होते, न्यायालये होती. या शिक्षणाला फक्त दवाखान्याची ओसरी होती.

आता कायदाही थोडासा या बाजूला वळला आहे. पाकिटावर उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि सोडियम यांचे आकडे छापावे लागतात. तळणीच्या तेलाचेही मोजमाप ठरले आहे. तेल पुनःपुन्हा तापवून त्यातील विघटित द्रव्ये शेकडा २५ च्या वर गेली की, १ जुलै २०१८ पासून ते टाकून द्यावे लागते. प्याजकचोरीच्या आणि मिरचीवड्याच्या या शहरात किती कढयांवर हा नियम पाळला जातो, ते कढईवाले जाणोत. सुट्या मिठाईवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांना बंधनकारक झाले. श्रावणात तीजेच्या सुमारास जयपुरात घेवरांच्या चळती लागतात. वर ‘शुद्ध देशी घी’ची पाटी असते, समोर तारखेची चिठ्ठी असते. एका घेवरात तूप किती आणि साखर किती, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते, आणि गिऱ्हाईकही ते विचारीत नाही.