सशाचा फास
ब्रिटनमधील शेतांवर रानटी ससे (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) पकडण्याचे घरगुती साधन. पितळी तारेचे अनेक पदर पिळून एका टोकाला डोळा ठेवतात व त्यातून दुसरे टोक ओवून सरकता फास करतात. तो दोरीने खुंटीला बांधून सशांच्या रोजच्या वाटेवर, जमिनीपासून काही बोटे उंच, काडीच्या आधाराने उभा करतात. धडपडीत तार आवळते. मांजर किंवा बिज्जूही अडकतो. 1981 च्या ब्रिटिश कायद्याने न सैलावणाऱ्या फासांवर बंदी आली आणि रोजची तपासणी सक्तीची झाली. वेल्सने 2023 मध्ये फासांवर संपूर्ण बंदी घातली. सशांपासून पीक वाचवण्यासाठी तळ जमिनीत पुरलेले जाळीचे कुंपण हा दयाळू पर्याय होय.