लॉर्ड रे आणि महाराचे वतन

हार्बर लाइनवर शिवडीहून दक्षिणेला निघाले की कॉटन ग्रीन लागते आणि त्यापुढे रे रोड. हा रे कोण, असे आमच्या भागातील विद्यार्थ्यांना विचारले तर 'कुणीतरी गोरा साहेब' एवढेच उत्तर मिळते. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. १८८५ ते १८९० मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेला हा डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावा लॉर्ड रे. यातला 'अकरावा' हा शब्द आपण नीट वाचला पाहिजे.

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला मॅके कुळाचा मुलूख. १६२८ साली राजा पहिला चार्ल्स याने त्यांच्या नायकाला लॉर्ड रे ही पदवी दिली. पुढे घराणे कर्जात बुडाले आणि १८२९ साली उरलीसुरली जमीन सदरलंडच्या बड्या जमीनदार घराण्याने विकत घेतली. याच सदरलंडांनी त्याआधी, १८१४ आणि १८१९ मध्ये, शेजारच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील कष्टकऱ्यांना घरे पेटवून हुसकावले होते. माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या, हा त्यामागचा हिशेब. हुसकावलेल्यांत मॅके आडनावाची माणसे पुष्कळ होती. आडनाव तेच, पण नायकाची जमीन गेली तरी पदवी राहिली. कुळाची जमीन गेली तेव्हा काहीच राहिले नाही.

पदवीचा प्रवासही गमतीचा आहे. घराण्याची एक शाखा हॉलंडच्या लष्करात चाकरीला जाऊन तिकडचीच झाली होती. डोनाल्ड १८३९ साली हेगमध्ये जन्मला, लायडनला कायदा शिकला, १८७१ ते १८७५ डच संसदेत बसला. १८७५ मध्ये थोरली पाती संपली म्हणून पदवी त्याच्या वडिलांकडे आली आणि पुढच्याच वर्षी ते वारल्यावर त्याच्याकडे. १८७७ साली तो ब्रिटिश प्रजाजन झाला. स्कॉटिश उमरावांना लॉर्डांच्या सभागृहात सरसकट जागा नव्हती. ते आपसांत सोळा प्रतिनिधी निवडून पाठवत. ती अडचण ग्लॅडस्टनच्या सरकारने १८८१ साली दुसरी, ब्रिटिश पदवी देऊन दूर केली. चार वर्षांनी महाशय मुंबईचे गव्हर्नर! त्याच्या कारकिर्दीतच, १८८८ मध्ये, त्याचा चुलतभाऊ हॉलंडचा पंतप्रधान झाला. आमच्याकडे याला घराणेशाही म्हणतात.

माणूस उदारमतवादी होता, हेही सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे यांना १८८५ साली कायदेमंडळावर घेतले गेले ते याच राजवटीत. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय, कामा रुग्णालय, १८८७ चे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही सारी त्याच्याच काळातली. कमिशनर क्रॉफर्डवर १८८८ मध्ये लाचखोरीचा खटला उभा करण्याचे धैर्यही त्याच्या सरकारने दाखवले. त्या प्रकरणात पुण्याची वृत्तपत्रे लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांच्या नोकरीसाठी झगडली. मामलेदाराने ते पैसे कोणत्या रयतेकडून वसूल केले असतील, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, रे परत गेल्यावर दोन महिन्यांनी. आणि तीही कोणा गव्हर्नरच्या कृपेने नव्हे, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या सभांनी आणि अर्जांनी.

पण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा शाळेचा आहे. १८९७ ते १९०४ हाच लॉर्ड रे लंडनच्या स्कूल बोर्डाचा अध्यक्ष होता. तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि बहुतांशी मोफत झालेले होते. पोर शाळेत आले नाही तर बोर्डाचा माणूस गरीब वस्तीतल्या घरी जाऊन चौकशी करी. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची हीच मागणी केली होती. रे मुंबईत आला त्याच्या तीन वर्षे आधी! मागणी दप्तरात राहिली. मुंबई इलाख्यात सक्तीचा पहिला कायदा व्हायला १९१८ उजाडले, आणि तोही नगरपालिकांपुरता. लंडनच्या पोराला जे कर्तव्य म्हणून मिळाले, ते येथल्या पोराला उपकार म्हणूनही मिळाले नाही. एकाच माणसाच्या हयातीतली ही गोष्ट आहे.

वंशपरंपरा आमच्याकडेही होती. १८७४ च्या वतन कायद्याने महारकी वंशपरंपरेने चालत असे. लॉर्डाला जन्माने सभागृहाचा दरवाजा उघडे. महाराला जन्माने रात्री-अपरात्री हाक येई, आणि कर्ता घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला राबावे लागे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य, तेही गावाच्या मर्जीवर. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते यशस्वी होऊ दिले गेले नाही. वतन कायद्याने संपले ते १९५९ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

रे १९२१ मध्ये निपुत्रिक वारला. १८८१ ची पदवी त्याच्याबरोबर संपली. जुनी स्कॉटिश पदवी पुन्हा हॉलंडमधल्या भाऊबंदांकडे गेली. १९९९ साली ब्रिटिश संसदेने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना सभागृहाबाहेर काढले, फक्त ९२ जणांना ठेवले. त्या ९२ मध्ये चौदावा लॉर्ड रे होता.