डोळ्यांतील पाणी ते चिमणीवरील यंत्र : भोपाळच्या कचऱ्याची चाळीस वर्षे

१/ शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. भीमेच्या खोऱ्यातील मांडवगण फराट्याच्या दोन बाजूंना दोन औद्योगिक वसाहती आहेत. उद्या तेथील एखादी विषारी जागा साफ करायची ठरली, तर हवा कोण मोजणार? या प्रश्नाचा इतिहास भोपाळपासून वाचावा लागतो.

२/ २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. त्या कारखान्यातील कामगार वायुगळती ओळखत ती डोळ्यांच्या जळजळीवरून. मानवी शरीर हेच तेथील मापनयंत्र होते!

३/ कारखाना बंद पडला, विष तेथेच राहिले. २०१० मध्ये नागपूरच्या ‘नीरी’ने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह केलेल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन निघाला. साठवून ठेवलेला कचरा होता अवघा काही शे टन. पण तो जाळायचा कोठे?

४/ २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नागपूरजवळील बोरखेडीच्या संरक्षण संशोधन केंद्राकडे बोट दाखवले. महाराष्ट्राने विरोध केला आणि तो बेत बारगळला.

५/ अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून ३३७ टन कचरा पिथमपूरकडे निघाला. पिथमपूर धार जिल्ह्यात येते. धार म्हणजे पवारांचे जुने मराठा संस्थान. तेथे लोक रस्त्यावर उतरले; दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला.

६/ मग चाचण्या झाल्या. १०-१० टनांच्या तीन फेऱ्या, वेग ताशी १३५, १८० आणि २७० किलो. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांची नोंद चिमणीवरील यंत्रे अखंड घेत होती. उत्सर्जन मर्यादेत असल्याचे शासनाने सांगितले आणि जूनअखेर उरलेला कचराही जाळून झाला.

७/ येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. डायऑक्सिन हे सर्वांत भयप्रद विष पडद्यावर क्षणोक्षणी दिसत नाही. त्याचे नमुने कित्येक तास गोळा करून प्रयोगशाळेत तपासावे लागतात. म्हणजे हिरवा आकडा झळकत असतानाही एक उत्तर यायचे बाकीच असते. शिवाय चिमणीचे मापन वेगळे आणि गावातल्या हवेचे वेगळे, दोन्ही हवीत.

८/ जाळल्याने सारे संपलेही नाही. चुना वगैरे मिसळल्याने ८०० टनांहून अधिक अवशेष उरले. भोपाळची माती तर जागीच आहे.

९/ १९८४ मध्ये यंत्रावर विश्वास ठेवावा, असे यंत्रच नव्हते. २०२५ मध्ये यंत्रे होती, विश्वास नव्हता. तो चाळीस वर्षांत गमावला गेला होता आणि कोणतेही यंत्र तो एका रात्रीत परत आणू शकत नाही. म्हणून आकडे गावासमोर, गावाच्या भाषेत आणि काम सुरू होण्याआधीपासून मांडले गेले पाहिजेत. आधीची हवा ठाऊक नसेल, तर नंतरची बिघडली हे सिद्ध तरी कसे करणार?