ब्रिटिश लोहमार्गावरील इनॅमलचे नामफलक : एक टिपण

जुन्या ब्रिटिश रेल्वे-स्थानकांवरील इनॅमलचे नामफलक आज बहुधा संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाले आहेत. इतिहासाच्या आणि भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांचे मोल निराळे आहे. एखाद्या स्थळाचे नाव कोणत्या काळी, कोणत्या सत्तेने, कोणत्या रूपात मान्य केले होते, याचा तो लेखी पुरावा होय.

या पुराव्याचे वैशिष्ट्य त्याच्या घडणीत आहे. पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजला जाई. काच वितळून धातूशी एकजीव होई. अक्षरांसाठी दुसऱ्या रंगाचा लेप चढवून पुन्हा भाजणी होई. अशा फलकास ऊन, पाऊस व इंजिनाचा धूर यांची बाधा सहसा होत नसे. परंतु रंगविलेल्या पाटीप्रमाणे त्यावरील अक्षर बदलताही येत नसे. नाव अगर सत्ता बदलली की सबंध फलकच उतरवावा लागे.

असे प्रसंग वारंवार आले. १९२३ च्या आरंभी शंभराहून अधिक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने अनेक ठिकाणची नावे काढण्यात किंवा झाकण्यात आली. शत्रूला वाट सापडू नये म्हणून प्रवाशालाही आपले स्थानक ओळखणे अवघड करण्यात आले. १ जानेवारी १९४८ रोजी लोहमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर जो विशिष्ट आकाराचा फलक रूढ झाला त्याला 'टोटेम' म्हणत. हा शब्द इंग्रजीत उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे भाषेतून आला. त्याचा मूळ संबंध कुलचिन्हाशी आहे. येथेही तो अन्वर्थक ठरला. आकार व अक्षरवळण सर्वत्र एक. मात्र विभागाचे कुल रंगाने ओळखावयाचे. पश्चिम विभागाचा रंग तपकिरी, दक्षिणेचा हिरवा, पूर्वेचा गडद निळा, ईशान्येचा नारिंगी, लंडन-मिडलंडचा किरमिजी आणि स्कॉटलंडचा फिकट निळा होता.

ही व्यवस्थाही अल्पायुषी ठरली. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस केली. १९६५ मध्ये पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची नवी एकरूप पद्धती स्वीकारली गेली आणि विभागांचे रंग मागे पडले.

नामरूपाचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, हे वेल्समध्ये दिसते. उत्तर वेल्समधील एक स्थानक १९६६ मध्ये बंद झाले तेव्हा त्याचे नाव 'कॉन्वे' असे इंग्रजी वळणाने लिहिले जाई. १९८७ मध्ये ते पुन्हा उघडले ते 'कॉन्वी' या वेल्श रूपाने. मधल्या काळात, १९६७ मध्ये, वेल्श भाषेविषयीचा कायदा संमत झाला होता, आणि केवळ इंग्रजीतील रस्त्यांच्या पाट्यांना रंग फासणारी चळवळही झाली होती. ज्यांची नावे परक्या वळणाने लिहिली जात होती, त्यांना पाटीवरील अक्षरभेद क्षुल्लक वाटला नाही.

तात्पर्य, ज्या सत्तांनी ही नावे काचेत भाजून कायम करू पाहिली त्या लयास गेल्या. फलक मात्र उरले. त्यांवरील नाव हे त्या स्थळाचे चिरंतन नाव नव्हे. ते एका कालखंडाने दिलेले रूप आहे. म्हणून असा फलक जतन करताना त्याचे मूळ स्थान व काळ यांची नोंद त्यासोबत राहिली पाहिजे. त्या नोंदीवाचून फलकाची केवळ शोभा शिल्लक राहते, साक्ष हरवते.